इन्फ्ल्यूएंझा : औषधेतर प्रतिबंधक उपाय

इन्फ्ल्यूएंझाच्या विषाणूंचा प्रसार लस व औषधे यांखेरीज अन्य मार्गांनी मर्यादित ठेवण्यासाठी व्यक्ती, कुटुंब व समाज यांनी योजावयाच्या उपायांना औषधेतर प्रतिबंधक उपाय म्हणतात. नव्या विषाणूविरुद्ध लस तयार होण्यास काही महिने लागतात. त्या काळात मुख्य भिस्त याच उपायांवर असते.

शिंकणे, खोकणे व बोलणे यांतून उडणारे थेंब व सूक्ष्मकण, तसेच दूषित हात यांद्वारे हा रोग पसरतो. त्याचा परिपाक काल (संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) १ ते ४ दिवसांचा असून, लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासूनच रुग्णाकडून संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे केवळ आजारी व्यक्ती वेगळ्या ठेवून साथ थांबत नाही. साबणाने हात धुणे (साबणाने विषाणूचे मेदयुक्त आवरण फुटते), खोकताना तोंड झाकणे, मुखपट्टी वापरणे, खोल्यांत हवा खेळती ठेवणे, रुग्णाने घरी राहणे व गर्दी टाळणे हे उपाय एकत्रितपणे योजावे लागतात.

हे उपाय वेळेवर योजण्यास फार महत्त्व आहे. १९१८ च्या जगद्व्यापी साथीत अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात २८ सप्टेंबर रोजी मोठी मिरवणूक निघाली व निर्बंध उशिरा लागू झाले; सेंट लूइस शहरात ते लवकर लागू झाल्याने मृत्युमानाचा उच्चांक बराच कमी राहिला. त्याच साथीत मुंबईत ६ ऑक्टोबर या एका दिवशी ७६८ मृत्यू नोंदले गेले. २००९ मध्ये ‘स्वाइन फ्ल्यू’ने भारतातील पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये पुण्यात झाल्यावर पुणे व मुंबई येथील शाळा व चित्रपटगृहे काही काळ बंद ठेवण्यात आली.

या उपायांनी साथ बहुधा नष्ट होत नाही. ती लांबते व तिचा उच्चांक खाली येतो. त्यामुळे रुग्णालयांवर एकाच वेळी असह्य भार पडत नाही. सर्वच उपाय सारखे उपयुक्त नसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मधील मार्गदर्शिकेत प्रवाशांच्या तपासणीची शिफारस केलेली नाही. शिवाय, नाशिकजवळील एकलहरे येथील औष्णिक विद्युत् केंद्रासारख्या ठिकाणी पाळ्यांचे काम बंद ठेवता येत नाही, तर रोजंदारीवरील मजुराची घरी राहिल्यास मजुरी बुडते. आजारपणात पगारी रजा व शिधा यांची तरतूद हाही म्हणूनच रोगप्रतिबंधाचा भाग मानावा लागतो.