पातळ पत्र्यात आटे
मोटारीच्या बाह्यांगाचा पत्रा बहुधा १ मिलिमीटरहूनही पातळ असतो. ६ मिलिमीटरच्या सामान्य बोल्टाच्या दोन आट्यांतील अंतरच १ मिलिमीटर. तेव्हा अशा पत्र्यात पाडलेला जेमतेम एक आटा भार कसा पेलणार? पोकळ भागात मागून नट धरण्यास हातही पोहोचत नाही. ही अडचण रिव्हेट-नट दूर करतो. विमानाच्या पंखांवर बर्फरोधक रबरी पट्टे बसविण्यासाठी अमेरिकेतील गुडरिच कंपनीने १९३०च्या दशकात तो योजिला. ही आटेदार नळी छिद्रात घालून हत्याराने ओढली, की तिचा मागील भाग फुगतो व पत्रा दोहोंकडून आवळला जातो. मात्र छिद्र नेमक्या मापाचे हवे. ते सैल असल्यास नट बोल्टाबरोबर फिरतो. मग बोल्ट आवळतही नाही, निघतही नाही. छिद्राची उघडी कड आधी रंगवावी, म्हणजे गंज चढणार नाही.