पसारा

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. वर्कशॉपमधल्या टेबलावर एक जुना गिअरबॉक्स ठेवला आणि सेकंड इयरच्या बॅचला म्हटलं, "चला, खोला." दहा मिनिटं कोणी हात लावेना. सगळे कडेनं उभे राहून बघताहेत, दोघातिघांनी मोबाईलवर फोटोही काढले. शेवटी एकानं धीर करून विचारलं, "सर, परत बसला नाही तर?"

"नाही बसला तर नाही बसला. भंगारातलाच आहे तो."

तरी पान्हा उचलायला कोणी पुढे येईना. पोरं हुशार आहेत बरं का. गिअर रेशो विचारा, झोपेतून उठून सांगतील. पण ब्रेकेजचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातात हे पहिल्या दिवसापासून आम्हीच त्यांना इतक्या वेळा ऐकवलं आहे की खोलणं म्हणजे मोडणं, आणि मोडणं म्हणजे दंड, असं समीकरण डोक्यात पक्कं बसलंय. दोष कुणाचा म्हणायचा?

त्या संध्याकाळी घरी गेलो आणि माळ्यावरून एक डबा काढला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत आमचा 'मेकॅनो'. भोकांच्या लाल-हिरव्या पट्ट्या, चाकं, कप्प्या, दोन वाकडे पान्हे आणि कधीच पुरे न पडणारे नट. मेकॅनो हे एका कंपनीचं नाव आहे हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. आमच्याकडे भोकांच्या पट्ट्या म्हणजे मेकॅनो, मग तो कोणी का बनवलेला असेना. रविवारी सकाळी डबा फरशीवर उपडा करायचा, क्रेन बनवायची, तिनं काडेपेटी उचलायची, आणि दुपारी जेवायच्या आधी आईचा आवाज यायचा, "आधी तो पसारा आवर!" म्हणजे क्रेन मोडायची. तेव्हा फार वाईट वाटायचं. आता वाटतं की त्या खेळातली खरी गंमत त्या मोडण्यातच होती. ते कसं, हे सांगण्यासाठीच हा लेख.

लिव्हरपूलमध्ये फ्रँक हॉर्नबी नावाचा एक कारकून होता. स्वतःच्या मुलांसाठी तो पत्रा कापून खेळणी करायचा. क्रेन करायची तर क्रेनचे भाग कापायचे, पूल करायचा तर पुन्हा नव्यानं पुलाचे. या कटकटीतून त्याला सुचलं की सगळे तुकडे एकाच मापात केले, सारख्या अंतरावर भोकं पाडली आणि नटबोल्टनं जोडली, तर त्याच तुकड्यांची आज क्रेन आणि उद्या पूल होईल. १९०१ साली त्यानं पेटंट घेतलं. 'मेकॅनो' हे नाव १९०७ चं. भोकांमधलं अंतर अर्धा इंच. पट्टी कुठूनही कुठेही लावा, भोकावर भोक येणारच.

आता यातली इंजिनिअरिंगची गोष्ट बघा. वेल्डिंग, रिव्हेट आणि डिंक यांचा जोड कायमचा. नटबोल्टचा जोड हवा तेवढा घट्ट आणि तरी उलटा फिरवला की सुटा. पुस्तकात आपण हे 'टेम्पररी फास्टनिंग' म्हणून दोन मार्कांसाठी लिहितो. लहान मुलाच्या हातात त्याचा अर्थ वेगळा होतो: चुकलं तरी चालेल. पट्टी उलटी लागली, चाक अडकलं, तर नट सोडवायचा आणि पुन्हा लावायचा. सामान वाया जात नाही आणि कोणी रागवत नाही.

आणि हा निव्वळ पोरखेळ नव्हता. १९३४ साली मँचेस्टरच्या विद्यापीठात डग्लस हार्ट्री हे प्राध्यापक आणि त्यांचा विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनी चक्क मेकॅनोच्या भागांतून डिफरन्शियल अॅनालायझर बांधला. हार्ट्रीसाहेब आदल्या वर्षी अमेरिकेत एमआयटीला जाऊन व्हॅनेव्हर बुश यांचं मोठं यंत्र पाहून आले होते. त्याची छोटी नक्कल त्यांनी साधारण २० पौंडांत केली. त्याचं मर्म अगदी सोपं आहे. एक सपाट तबकडी आडवी फिरते, तिच्यावर एक लहान चाक उभं टेकलेलं असतं. चाक तबकडीच्या मध्याजवळ असेल तर हळू फिरतं, कडेला सरकवलं तर जोरात. तबकडी किती फिरली तो आपला एक्स, चाक मध्यापासून किती लांब तो वाय. मग चाकाचे एकूण फेरे किती? वाय डीएक्सचं इंटिग्रल! एम-टूच्या पेपरात ज्यानं आपला घाम काढला ते इथे टेबलावर गरगरत होतं. अणूच्या रचनेची खरीखुरी गणितं त्यांनी यावर सोडवली, आणि यंत्र चालतं असं दिसल्यावर पुढच्याच वर्षी पूर्ण आकाराचं यंत्र उभं राहिलं. खेळण्यात करून पाहायला वाव होता. महागड्या यंत्रात चुका करायची हिंमत कोणी केली असती?

आता लेगो. आमच्या लहानपणी लेगो आमच्या आवाक्यातला नव्हता. रंगीत प्लास्टिकचे साधे ठोकळे असायचे, ते नीट बसायचे नाहीत आणि बसले तर दातांनी काढावे लागायचे. खरी लेगोची वीट हातात आली ती नोकरी लागल्यावर, भाच्यासाठी विकत घेतली तेव्हा. (भाच्याच्या आधी मीच खेळलो हे कबूल करतो.) तेव्हा आमचे ठोकळे का फसायचे हे कळलं.

डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचे सुतार ओले कर्क ख्रिस्तियानसन १९३२ पासून लाकडी खेळणी करत. लेगो हे नाव 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून १९३४ मध्ये पडलं. १९४९ मध्ये त्यांनी प्लास्टिकच्या विटा काढल्या. त्याची प्रेरणा एका ब्रिटिश खेळण्याची होती. पण या विटा आतून पोकळ, त्यामुळे जरा उंच बांधलं की डोलारा कोसळायचा. उत्तर सापडलं ते २८ जानेवारी १९५८ च्या पेटंटात: विटेच्या पोटात नळ्या घातल्या. आठ गुंड्यांची वीट उलटी करून बघा, मध्ये तीन नळ्या दिसतील. खालच्या विटेची कोपऱ्यातली गुंडी दोन भिंती आणि एक नळी यांच्यात धरली जाते, मधली गुंडी एक भिंत आणि दोन नळ्या यांच्यात. म्हणजे प्रत्येक गुंडीला तीन बाजूंनी चिमटा. प्लास्टिक किंचित दबतं, परत फुगायला बघतं, आणि घर्षणानं वीट धरून राहते. मशीन ड्रॉइंगमध्ये शिकलेला इंटरफिअरन्स फिट तो हाच. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासचा. माप थोडं सैल झालं की मनोरा पडतो, थोडं घट्ट झालं की पाच वर्षांच्या पोराच्या बोटांना विटा सुटत नाहीत. धरेल इतकी घट्ट आणि सुटेल इतकी सैल, ही दोन्ही टोकं सांभाळणं हीच त्या कारखान्याची करामत. १९५८ ची वीट आजच्या विटेवरही बसते.

अशा एकसारख्या सहा विटा, प्रत्येकी आठ गुंड्यांच्या, किती प्रकारे जोडता येतील? अंदाज करा. कंपनी कित्येक वर्षं १०,२९,८१,५०० हा आकडा सांगायची. कोपनहेगनचे गणितज्ञ सोरेन आयलर्स यांच्या लक्षात आलं की यात फक्त एकावर एक अशा सहा मजली रचना मोजल्या आहेत. शेजारी-शेजारी पसरलेल्या रचनाही संगणकावर मोजल्या तेव्हा आकडा आला ९१,५१,०३,७६५. दोन विटांचे प्रकार २४, तिनांचे १,०६०, आणि सहाला एकदम एक्याण्णव कोटींवर! पण एक रचना झाल्यावर दुसरी बघायची तर पहिली मोडावीच लागते. चिकटवून टाकली तर एक्याण्णव कोटींतली एकच तुमची.

आणि यासाठी पैसेच लागतात असंही नाही. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर अरविंद गुप्ता पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. १९७८ मध्ये ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलची वॉलट्यूब यांचा मेकॅनो केला. वॉलट्यूबचा बोटभर तुकडा, दोन्ही टोकांतून काड्या खुपसा, झाला सांधा. नळीला मध्ये भोक पाडून तिसरी काडी घातली की तिघांचा सांधा. त्रिकोण केला तर हलत नाही, चौकोन केला तर लगेच कलतो. चौकोनात तिरकी काडी घाला, गडी ताठ उभा! रेल्वेच्या पुलात आणि विजेच्या मनोऱ्यात एवढे त्रिकोण का, याचं उत्तर दहा पैशांत. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी कितीतरी वर्षं कचऱ्यातून खेळणी केली, आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आपला दिवाळीचा किल्ला तरी काय? दगड, विटांचे तुकडे, गोणपाट, वर चिखल, अळीव पेरले की चार-पाच दिवसांत जंगल. आरशाचा तुकडा म्हणजे तळं. दरवाजापेक्षा मावळे मोठे, त्याचं कोणालाच काही वाटत नाही. तुळशीचं लग्न झालं की किल्ला मोडायचा, पुढच्या वर्षी बुरूज दुसरीकडे.

तळ्याचा आरसा होतो कसा, म्हणजे आरशाचं तळं होतं कसं, याचा विचार रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी केला होता. १९३३ सालच्या एका व्याख्यानात त्यांनी सांगितलं की मुलासाठी काठी घोडा होऊ शकते, पण पोस्टकार्ड होऊ शकत नाही. कारण काठीवर टांग टाकता येते! कल्पना हवेत नसते, तिला हाताला लागणारं काहीतरी हवं असतं, मात्र ते फार हुबेहूबही नको. खरा लगाम, खरी आयाळ असलेला घोडा घोडाच राहतो. काठी उद्या तलवार होते, परवा वल्हं.

म्हणूनच हल्लीचे काही सेट बघून मला जरा धास्ती वाटते. खोक्यावर विमानाचं चित्र, आत नंबर घातलेल्या पिशव्या, पायरीपायरीचं पुस्तक. विमान होतं, सुंदर होतं, आणि शोकेसमध्ये जातं. त्याला हात लावायचा नाही. २०१६ मध्ये पेज मोरो आणि मारित एंगेसेट या दोन संशोधकांनी याच विटांवर प्रयोग प्रसिद्ध केले. सूचना पाळून ठरलेली वस्तू बांधणारे लोक त्यानंतर दिलेल्या मोकळ्या, कल्पक कामात मागे पडले; मनाला येईल ते बांधणारे पडले नाहीत. जर्नल कॉपी करून झाल्यावर प्रोजेक्टचा विषय का सुचत नाही, याचा विचार हॉस्टेलच्या मंडळींनी आपापला करावा.

त्या गिअरबॉक्सचं पुढे काय झालं? दुसऱ्या आठवड्यात मी बॅचला सांगितलं की आज मी बाहेर चहाला जातोय, तासाभरानं येईन. आलो तेव्हा टेबलभर पसारा. ग्रीसनं हात काळे, एक सर्कलिप उडून कपाटामागे गेलेली, आणि दोघं जमिनीवर पालथे पडून टॉर्च मारताहेत. बॉक्स त्या दिवशी बसला नाही. त्यापुढच्या आठवड्यात बसला, पण एक वॉशर उरला. तो कुठला, यावर अजून वाद चालू आहे.

माझा पत्र्याचा डबा मी हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये आणून ठेवला आहे. रजिस्टर नाही, सही नाही, ब्रेकेज नाही. मेसच्या रांगेपेक्षा तिथे गर्दी कमी असते, पण असते. परवा पाहिलं तर कोणीतरी पंख्याच्या जुन्या मोटरवर चालणारी लिफ्ट केली होती, काल ती नव्हती. फक्त मोठ्या कप्प्या दोन होत्या, त्यातली एक दिसत नाही. ज्याच्या खोलीत असेल त्यानं आणून टाकावी, नाव विचारणार नाही.