विमानाचं नाव, स्टुडिओचं बारसं

नाटक मंडळी असो, चित्रपटसंस्था असो की प्रकाशन, नाव ठरवायची वेळ आली की भली भली माणसं अडतात. कागदच्या कागद भरतात, मित्रमंडळींना विचारून होतं, आणि मनाजोगतं नाव अनेकदा सापडतं ते लहानपणात. पण लहानपणातलं सगळंच काही गोड नसतं. ज्यांनी नावाबरोबर त्या आठवणीतलं कडूही पत्करलं, त्यांच्या कामाला वेगळी खोली आली. जपानचा स्टुडिओ घिबली हे त्याचं ठळक उदाहरण.

या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचे एक संस्थापक, दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा जन्म ५ जानेवारी १९४१ चा, टोकियोतला. त्यांच्या काकांचा विमानांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना होता आणि वडील तिथला कारभार पाहत. जपानच्या ‘झिरो’ या लढाऊ विमानाची सुकाणू तिथे तयार होत. युद्धाच्या काळात सगळीकडे ओढाताण चालू असताना या घराला फारसं काही कमी पडलं नाही, ते या कारखान्यामुळे. अशा घरातल्या पोराला विमानांचं वेड लागलं नसतं तरच नवल.

जुलै १९४५ मध्ये उत्सुनोमिया शहरावर बॉम्बवर्षाव झाला, तेव्हा हे कुटुंब तिथे राहत होतं. आगी भडकलेल्या असताना चार वर्षांचा हायाओ घरच्यांबरोबर एका छोट्या ट्रकमधून बाहेर पडला. वाटेत लेकराला घेऊन निघालेल्या कुणीतरी आम्हालाही घ्या म्हणून विनवलं. ट्रक थांबला नाही. ही आठवण मियाझाकींनी पुढे जाहीरपणे सांगितली. विमानांवरचं प्रेम आणि विमानांनी केलेला संहार, दोन्ही त्यांच्या वाट्याला एकाच वयात आले.

१९८४ मध्ये त्यांचा ‘नौसिका’ हा चित्रपट गाजला आणि पुढच्याच वर्षी, जून १९८५ मध्ये, इसाओ ताकाहाता आणि तोशिओ सुझुकी यांच्या साथीनं, तोकुमा शोतेन या प्रकाशनसंस्थेच्या पाठबळावर नवा स्टुडिओ उभा राहिला. नाव सुचवलं मियाझाकींनी. काप्रोनी कंपनीचं ‘घिबली’ हे इटलीचं टेहळणी विमान दुसऱ्या महायुद्धात लिबियाच्या वाळवंटावर उडत असे. तिथल्या उष्ण वाऱ्याचंच नाव त्याला दिलेलं होतं. जपानी अ‍ॅनिमेशनमध्ये नवा वारा शिरावा, हा मियाझाकींचा हेतू. पण वाऱ्याची नावं जगात खंडीभर आहेत. त्यांतून नेमकं हे सुचायला लहानपणापासूनचा विमानांचा नादच हवा. आणि हे विमान लष्करी होतं, हे विसरून चालणार नाही.

मियाझाकीही ते विसरले नाहीत. १९९२ च्या ‘पोर्को रोसो’मध्ये नायकाच्या मोडक्या विमानासाठी मिलानच्या कारखान्यात नवं इंजिन येतं. त्या इंजिनावर बारकाईनं पाहा, ‘घिबली’ असं नाव कोरलेलं दिसेल. २०१३ चा ‘द विंड रायझेस’ तर झिरोचे रचनाकार जिरो होरिकोशी यांच्यावरच आहे. त्यात ‘घिबली’ बनवणाऱ्या कंपनीचे काप्रोनी स्वतः स्वप्नात येऊन जिरोशी बोलतात. देखणं यंत्र घडवण्याचा ध्यास आणि त्या यंत्राचा युद्धासाठी होणारा वापर, हा पेच चित्रपट शेवटपर्यंत सोडत नाही. २०२३ च्या ‘द बॉय अँड द हेरॉन’मध्ये नायकाच्या वडिलांचा विमानांचा कारखाना आहे. एका प्रसंगात कॉकपिटवर बसवायची काचेची झाकणं घरात आणून मांडली जातात. पाहणाऱ्याची नजर त्यांच्या देखणेपणावर खिळते आणि ती कशासाठी बनली आहेत, हेही त्याला ठाऊक असतं. या चित्रपटाला २०२४ मध्ये ऑस्कर मिळालं.

स्टुडिओच्या बोधचिन्हातही हेच बालपण आहे. मियाझाकींची आई मणक्याच्या क्षयानं अनेक वर्षं अंथरुणाला खिळून होती. १९८८ च्या ‘माय नेबर टोटोरो’मधल्या दोन बहिणींची आई रुग्णालयात आहे, आणि त्या काळात मुलींना भेटणारा टोटोरो हेच पुढे घिबलीचं चिन्ह झालं.

आपल्याकडेही अशी नावं आहेत. नारायण श्रीपाद राजहंस या मुलाचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला ‘बालगंधर्व’ म्हटल्याची कथा प्रसिद्धच आहे. १९१३ मध्ये त्यांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह जी संस्था काढली, ती ‘गंधर्व नाटक मंडळी’. लहानपणी मिळालेली शाबासकी दारावर लावली की रोज रात्री प्रेक्षकांसमोर ती खरी करून दाखवावी लागते. याच मंडळीत कोल्हापूरच्या शांताराम वणकुद्रे या मुलानं, म्हणजे पुढच्या व्ही. शांताराम यांनी, काही काळ उमेदवारी केली. १९४२ मध्ये ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेतून बाहेर पडल्यावर त्यांनी वडील राजाराम आणि आई कमल यांची नावं जोडून मुंबईत परळला ‘राजकमल कलामंदिर’ उभारलं. १९४३ च्या ‘शकुंतला’पासून संस्थेच्या प्रत्येक चित्रपटाबरोबर आईवडिलांचं नाव पडद्यावर येत राहिलं.

आज गावोगावी तरुण मुलं नाट्यसंस्था, लघुपट, प्रकाशनं, बँड सुरू करताहेत आणि त्यांना आजोळच्या, अंगणाच्या आठवणी नावासाठी खुणावताहेत. त्यांना कळकळीनं सांगावंसं वाटतं: आठवण जरूर घ्या, पण अर्धी घेऊ नका. त्या घरात काय मिळालं आणि ते कुणाच्या जिवावर मिळालं, दोन्हींचा जमाखर्च मांडा. मियाझाकींनी नाव १९८५ मध्ये दिलं, आणि त्याचा हिशेब ते वयाच्या ऐंशीनंतरही चुकता करत राहिले. नाव तेव्हाच शोभतं.