पापड लाटणाऱ्या बायका आणि बुरशीवरचं औषध

२०२१ च्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा एका इंजेक्शनसाठी तीन जिल्हे पालथे घालत होता. काकांना करोना होऊन गेलेला, त्यात साखर वाढलेली, आणि नाकाजवळ काळपट दिसायला लागलं. म्युकरमायकोसिस! इंजेक्शनचं नाव ॲम्फोटेरिसिन. तोवर बुरशी म्हटली की आम्हाला लोणच्याची बरणी नि पावसाळ्यात न वाळलेले कपडे, एवढंच ठाऊक. इंजेक्शन मिळालं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता किडनीवर लक्ष ठेवावं लागेल." काकू वैतागल्या, "अगं, जीव वाचवायचं औषध, आणि तेच जिवावर?"

काका वाचले. एक डोळा मात्र गेला.

काकूंचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. जिवाणू आपल्यापेक्षा अगदी वेगळे, म्हणून त्यांना मारणारी औषधं पुष्कळ. बुरशीची पेशी मात्र बरीचशी आपल्यासारखी. तिच्या आवरणात एर्गोस्टेरॉल असतं, आपल्यात कोलेस्टेरॉल. हे औषध एर्गोस्टेरॉलला धरतं, पण थोडं चुकून आपल्या कोलेस्टेरॉललाही धरतं. तिथेच किडनीचं दुखणं सुरू होतं. चरबीच्या कवचात घातलेलं इंजेक्शन कमी त्रास देतं, पण त्याची किंमत ऐकून धडकी भरते.

मैत्रिणींनो, ही औषधं मुळात मातीतली, बरं का! स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू ती तयार करतात. त्यांतलं निस्टॅटिन शोधलं दोन बायकांनी. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात, रेचेल ब्राऊन दूर अल्बानीला. हेझनबाई मातीतले जिवाणू वाढवून बरण्या टपालाने पाठवायच्या, ब्राऊनबाई त्यातून औषध वेगळं काढून परत धाडायच्या. १९४८ मध्ये व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्या गोठ्याजवळच्या मातीत हवा तो जिवाणू सापडला. रॉयल्टीचे एक कोटी तीस लाखांहून जास्त डॉलर आले, आणि दोघींनी ते सगळे संशोधनाला देऊन टाकले. स्वतःला छदामही नाही!

आपल्या पिंपरीच्या मातीतूनही असंच एक औषध निघालं होतं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधलं हॅमायसिन. ज्या जिवाणूतून ते मिळालं, त्याचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

आता पुढची गंमत. जिवाणू औषध बनवतो, ते आपण चार बायका पापड करतो तसं. एकीने लाट्या तोडायच्या, दुसरीने लाटायचं, तिसरीने उन्हात घालायचं. प्रत्येक कामाला वेगळं जनुक. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या शास्त्रज्ञांनी निस्टॅटिनच्या जिवाणूतली ही पूर्ण रांग वाचून काढली आणि २००० मध्ये ती प्रसिद्ध केली. मग त्यांनी एकेका जनुकात फेरफार करायला सुरुवात केली. म्हणजे एखादीला सांगायचं, "तू आज बस." की पापड वेगळाच होतो! एका जागी रेणूवरचा आम्लाचा तुकडा गाळला, दुसरीकडे जोडणी बदलली. असे किती पापड फुकट गेले असतील कोण जाणे. पण काही नवे रेणू बुरशीवर जोरकस निघाले आणि उंदरांना मूळ औषधापेक्षा कमी बाधले.

कारखान्यात रसायनं जुळवून हा रेणू घडवणं फार किचकट. म्हणून जिवाणूलाच शिकवायचं. त्याला खायला साखर घाला, तो बिचारा काम करतो.

त्या घराण्यातल्या एका औषधाच्या माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्याही झाल्या आहेत. दुकानात यायला अजून बऱ्याच पायऱ्या आहेत. काकूंना हे सगळं सांगितलं, तर त्या काकांच्या गोळ्या मोजता मोजता एवढंच म्हणाल्या, "आलं की किंमत काय ते आधी विचार."