पावती इकडची, पावती तिकडची

माझं माहेर गोकाकचं, कन्नड. सासर निपाणीचं, मराठी. लग्न होऊन महिना झाला नसेल, मी मामंजींना सांगितलं, "वाण्याची पावती केली." त्यांनी हात पुढे केला, "बघू." मी गोंधळले. आमच्याकडे 'पावती माडोदु' म्हणजे पैसे भागवणं. पैसे मिळाल्याचा कागद तो 'रशीदि'. मी पैसे दिले होते, कागद घेतला नव्हता. पुढच्या महिन्यात वाण्याच्या वहीत ती रक्कम तशीच उभी! पुन्हा भरावी लागली. मामंजी काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

2011 साली यांची बदली सुरतेला झाली आणि आम्ही उधन्यात बिऱ्हाड केलं. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशची मराठी माणसं इतकी, की भाजी घेताना गुजराती आठवावी लागत नाही. मी बी.कॉम. असल्यानं रिंग रोडच्या कापड मार्केटात, साड्यांच्या एका घाऊक दुकानात हिशेबाला लागले. तिथले मेहताजी साठीच्या पुढचे. त्यांच्या गादीशेजारी भिंतीला एक आकडेदार तार टांगलेली. बिल, चलान, ट्रान्सपोर्टची बिल्टी, हमालीची चिठ्ठी, जे येईल ते तारेत ओवायचं. संध्याकाळी तार उतरवायची आणि मग वही उघडायची. कुणी नुसतं तोंडी सांगितलं तर मेहताजी लिहीत नसत. "बेन, कागळ?" एवढाच प्रश्न.

शब्दांनी मला तिथंही छळलं. आपल्या रोजकीर्दीला तिथं रोजमेळ आणि आमनोंध असे दोन भाऊ. रोख पैशाचा व्यवहार रोजमेळात. ज्यात पैसा हातात येत-जात नाही, तो आमनोंधीत. मग दोन्हीकडून खातावहीत, म्हणजे आपल्या खतावणीत. सर्वांत मोठा घोटाळा 'उधार' या शब्दाचा. मराठीत उधार, आमच्या माहेरी उद्री, म्हणजे पैसे नंतर देण्याच्या बोलीवर घेतलेला माल. सुरतेच्या वहीत उधार म्हणजे नुसती नावे बाजू. वीजबिलाच्या खर्चासमोर 'उधार' बघून मी पहिल्या दिवशी मेहताजींना विचारलं होतं, बिल भरलं नाही का म्हणून. ते पोट धरून हसले.

सुरतेच्या धंद्यात परत येणारा माल फार. समजा, निपाणीच्या दुकानदारानं डागी निघालेल्या बारा साड्या परत पाठवल्या. पैसा कुठंच हलला नाही, पण त्याचं देणं कमी झालं. म्हणून आमनोंधीत विक्री-परत खातं नावे, दुकानदार जमा. पण केव्हा? त्याची परतीची चिठ्ठी, बिल्टी आणि गोदामातली मोजणी जुळल्यावर आपली क्रेडिट नोट निघते, तेव्हा. नोंद चुकली तर खोडून दुरुस्त करता येते. कागदच नसेल तर दुरुस्त कशावरून करणार?

पुढे दुकानात टॅली आलं. ते बेंगळूरुच्या कंपनीचं, त्यामुळे मला उगाच माहेरचं वाटायचं. त्यात एफ 5 दाबलं की पैसे दिल्याची नोंद, ती माझ्या आईची पावती. एफ 6 म्हणजे पैसे आल्याची नोंद, ही मामंजींची. एफ 7 ही आमनोंध. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा मार्केट कित्येक दिवस बंद होतं, मोर्चे निघाले. एप्रिल 2018 पासून राज्याबाहेर पन्नास हजारांवरचा माल पाठवायला ई-वे बिल लागू लागलं. तार गेली नाही, तिच्यावरचे कागद मात्र वाढले.

हे सगळं दुकानातलं. आमच्या चाळीत शेजारच्या ताई घरी बसून साड्यांवर स्टोन चिकटवायच्या. पोतं सकाळी यायचं, तयार माल रात्री जायचा, मजुरी नगावर. एका दिवाळीच्या आधी ठेकेदार म्हणाला, दोनशे नव्वद साड्या आल्या. ताईंच्या कॅलेंडरवर तीनशे चाळीस. रोजच्या चौकोनात पेन्सिलीनं आकडे, एकही चुकलेला नाही. मी ते कॅलेंडर घेऊन मेहताजींकडे गेले. त्यांनी दोनदा बेरीज केली. म्हणाले, हिशेब बरोबर आहे, पण हा एकाच हाताचा आहे. माल घेणाऱ्याची सही कुठं? पन्नास साड्यांची मजुरी बुडाली ती बुडालीच. मुलांचे कपडे त्या वर्षी झाले नाहीत.

1494 साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली यांचं हिशेबावरचं लेखन छापलं गेलं. त्यात पहिली वही कच्ची. घडेल ते घडल्याबरोबर तिच्यात टिपायचं, आणि लिहिता येत असेल तर घरच्या बायकांनीही टिपायचं, असं ते सांगतात. ताईंनी ते इमानानं केलं होतं. कमी होता फक्त दुसरा हात.

मी त्यांना कार्बनचं चलान बुक आणून दिलं. तारीख, नग, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. पोतं न्यायला येणारा पोरगा पहिल्या रात्री म्हणाला, शेठ रागावेल. ताईंनी पोतं दारातून आत ओढलं. अकरा दिवस काम आलं नाही. त्या अकरा दिवसांत मला झोप लागली नाही, कारण सल्ला माझा होता आणि चूल त्यांची. बाराव्या दिवशी पोरगा आला, सही करून माल घेऊन गेला. समोरच्या दोघींनी दुसऱ्याच आठवड्यात तसंच बुक मागवलं.

पुढच्या दिवाळीला मार्केटात चोपडापूजन होतं. मेहताजी कुंकवानं नव्या वहीवर 'श्री' काढत होते. ताईंचं बुक मी पिशवीतून नेलं होतं. त्यांनी पानं चाळली, एका चलानावर सही नव्हती तिथं बोट ठेवून माझ्याकडे बघितलं, आणि मग मुखपृष्ठावर बारीकसा 'श्री' काढून दिला.