मोबाईलमधले बिनबोलावलेले पाहुणे

गेल्या वर्षी आम्ही भावंडांनी पैसे जमवून अम्मींसाठी नवा मोबाईल घेतला. आखातात नोकरी करणाऱ्या नातवाशी त्यांना नीट बोलता यावे, एवढाच हेतू होता. डबा उघडला, सिम घातले, फोन सुरू केला. आम्ही अजून एकही अ‍ॅप घेतले नव्हते, तरी पडदा भरलेला होता. तीन खेळ, खरेदीची दोन अ‍ॅप्स, बातम्यांचे एक, छोटे व्हिडिओ दाखवणारे एक आणि झटपट कर्ज देणारे एक.

आम्ही तेव्हा लक्ष दिले नाही. आठवडाभराने अम्मींनी फजरची वेळ बघायला फोन उचलला, तर कुलूप न उघडताच पडद्यावर कर्जाची जाहिरात. ज्या घरात व्याजाचा पैसा नको म्हणून पोटाला चिमटा घेतला, त्या घरात पहाटे पहाटे ही दवंडी! त्या म्हणाल्या, "अरे, याला घरात कोणी बोलावलं?"

प्रश्न साधा होता, पण नेमका होता. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात इजाजत घेतल्याशिवाय शिरू नये, अशी शिकवण आहे. आपला मोबाईल हा आता घराचाच एक भाग आहे. त्यात घरच्यांचे फोटो आहेत, बँकेचा व्यवहार आहे, बायकामुलांचे बोलणे आहे. तिथे कोण बसले आहे, हे पाहणे आपलेच काम आहे.

ही अ‍ॅप्स येतात कुठून?

अ‍ॅप बनवणाऱ्या कंपन्या फोन बनवणाऱ्या कंपनीला पैसे देतात आणि आपले अ‍ॅप फोनमध्ये आधीच बसवून घेतात. स्वस्त फोनांत ही गर्दी अधिक दिसते, कारण तिथे फोनच्या विक्रीवर नफा थोडा असतो आणि उरलेली कमाई जाहिरातींतून होते. म्हणजे फोन स्वस्त मिळाला, तरी त्याची काही किंमत आपण नंतर मोजत राहतो. फोनमधली जागा जाते, बॅटरी जाते, इंटरनेटचा डेटा जातो आणि आपली माहितीही जाते.

हा प्रश्न सरकारदरबारीही गेला आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला. आधी बसवलेली आपली अ‍ॅप्स ग्राहकाला काढू द्यावीत, असाही निर्देश त्यात होता. मार्च 2023 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण हा निर्देश रद्द केला. युरोपात मात्र एका कायद्याने मार्च 2024 पासून मोठ्या कंपन्यांना अशी अ‍ॅप्स सहज काढता येतील अशी सोय देणे भाग पडले आहे. आपल्याकडे कायदा होईल तेव्हा होईल. तोवर झाडू आपल्याच हातात आहे.

काढणे आणि बंद करणे

सेटिंग्जमध्ये जाऊन 'अ‍ॅप्स' उघडा. तिथे सगळी यादी दिसेल. एकेका नावावर बोट ठेवले की त्या अ‍ॅपचे पान उघडते. तिथे 'अनइन्स्टॉल' लिहिलेले असेल, तर ते अ‍ॅप पूर्ण काढता येते. खेळ, खरेदी आणि कर्जाची बहुतेक अ‍ॅप्स अशीच निघून जातात.

काही ठिकाणी 'अनइन्स्टॉल'ऐवजी 'डिसेबल' दिसते. ही अ‍ॅप्स फोनच्या मूळ यंत्रणेच्या भागात ठेवलेली असतात. ती डिसेबल केली की पडद्यावरून जातात, चालायची थांबतात, डेटा आणि बॅटरी खात नाहीत. त्यांची नंतर आलेली अपडेट्स निघून जातात, तेवढी जागा मोकळी होते. मूळ अ‍ॅपने अडवलेली जागा मात्र परत मिळत नाही. पाहुण्याला खोलीत बसवून बाहेरून कडी लावल्यासारखे हे आहे.

काही अ‍ॅप्सना दोन्ही बटणे चालत नाहीत. त्यांच्या पानावर 'परमिशन' उघडा आणि ठिकाण, कॅमेरा, माइक, कॉन्टॅक्ट आणि एसएमएस यांची परवानगी काढून घ्या. नोटिफिकेशन बंद करा. पाठीमागे डेटा वापरण्याची मुभाही बंद करा. एसएमएसची परवानगी तर आवर्जून तपासा, कारण बँकेचा ओटीपी तिथेच येतो. कुलूपाच्या पडद्यावरच्या जाहिराती बहुधा लॉक स्क्रीनच्या किंवा वॉलपेपरच्या सेटिंगमधून बंद होतात.

ठिकाणाची परवानगी किती नाजूक असते, याचा अनुभव जगभरच्या मुस्लिमांनी घेतला आहे. 'मुस्लिम प्रो' या नमाजच्या वेळा सांगणाऱ्या अ‍ॅपमधून वापरणाऱ्यांच्या ठिकाणाची माहिती एक्स-मोड या माहिती विकणाऱ्या कंपनीकडे जाते, अशी बातमी नोव्हेंबर 2020 मध्ये आली. त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. बातमीनंतर अ‍ॅपच्या चालकांनी हा संबंध तोडल्याचे जाहीर केले. हे अ‍ॅप तर लोकांनी स्वतःहून घेतलेले होते. मग न मागता आलेल्या अ‍ॅपला आपला पत्ता कशाला द्यायचा? नमाजच्या वेळांसाठी गावाचे नाव हाताने निवडता येत असेल, तर तेच करावे. किब्ल्यासाठी ठिकाण द्यावे लागले, तर 'फक्त वापरताना' एवढीच परवानगी पुरे.

यांना हात लावू नका

झाडू मारताना घराचा खांब पाडायचा नाही. फोन, मेसेज, सेटिंग्ज, घड्याळ, एकुलता एक कीबोर्ड, गुगल प्ले सर्व्हिसेस आणि अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू यांना हात लावू नये. वेबव्ह्यू हे नाव अनोळखी वाटते, पण अनेक अ‍ॅप्स आतली पाने त्याच्याच आधारे दाखवतात. मार्च 2021 मध्ये त्याचे एक सदोष अपडेट आले, तेव्हा जगभर अँड्रॉइड फोनांवरची अ‍ॅप्स पटापट बंद पडू लागली होती. नाव ओळखीचे नसेल, तर आधी माहिती काढावी, मगच निर्णय घ्यावा.

घरातली जाणती मुले कॉम्प्युटरला केबल जोडून, आज्ञा टाइप करून हट्टी अ‍ॅप्स काढण्याची युक्ती सांगतील. ती युक्ती खरी आहे. पण त्यानेही अ‍ॅप फक्त आपल्या वापरातून जाते, मूळ यंत्रणेत राहते आणि फोन पूर्ण रिसेट केला की परत येते. चुकीचे नाव टाइप झाले तर फोन सुरू होताना अडकूही शकतो. घरातल्या एकुलत्या फोनवर हा प्रयोग नको. केलाच, तर काम झाल्यावर 'यूएसबी डीबगिंग' बंद करायला विसरू नका. फोन 'रूट' करण्याच्या फंदात तर पडूच नये. बँकांची अनेक अ‍ॅप्स अशा फोनवर चालायला नकार देतात. आणि 'फोन साफ करून देतो' म्हणणारे नवे अ‍ॅप घेणे म्हणजे एक पाहुणा घालवायला दुसरा बोलावणे.

आमची चूक

आता आमच्या हातून काय झाले, तेही सांगितले पाहिजे. अम्मींच्या प्रश्नानंतर आम्ही उत्साहाने त्यांचा फोन घेतला आणि अर्ध्या तासात नऊ अ‍ॅप्स काढून टाकली. त्यात फोनसोबत आलेले नोट्सचे एक अ‍ॅपही होते. अम्मी कशाला नोट्स लिहितील, असे आम्हीच ठरवून टाकले.

दोन दिवसांनी त्यांनी विचारले, "माझी वही कुठं गेली?" नातीने शिकवल्यापासून त्या त्यात आजारपणात राहिलेल्या रोज्यांचा हिशेब ठेवत होत्या. शेजारच्या दोन बायकांनी त्यांच्याकडे अमानत म्हणून ठेवलेल्या पैशांची नोंदही तिथेच होती. अ‍ॅपबरोबर ते सगळे गेले. बॅकअप घेतलेला नव्हता. अमानतीचा हिशेब त्या दोघींना विचारून पुन्हा लिहिला. रोज्यांचा आकडा मात्र आठवून, जास्तच धरून मांडावा लागला. अम्मी रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "मला विचारायचं तरी होतं."

ज्या गोष्टीचा ठपका आम्ही त्या अ‍ॅप्सवर ठेवत होतो, तीच आम्ही केली होती. इजाजत न घेता दुसऱ्याच्या घरात शिरलो होतो.

म्हणून वाचकांना एक विनंती. एखाद्या जुम्याला असरनंतर घरातल्या मोठ्यांच्या शेजारी बसा. फोन त्यांच्याच हातात राहू द्या. एकेक अ‍ॅप दाखवा आणि विचारा, हे लागतं का? आधी फोटो आणि नोंदींचा बॅकअप घ्या. एखाद्या अ‍ॅपमध्ये खाते उघडलेले असेल, तर अ‍ॅप काढण्यापूर्वी ते खाते बंद करा, कारण अ‍ॅप काढल्याने खाते बंद होत नाही. नवा फोन सुरू करताना 'सुचवलेली अ‍ॅप्स' समोर आली, तर त्यांच्या खुणा काढून टाका. फोनचे मोठे अपडेट आले की यादीवर पुन्हा एकदा नजर फिरवा.

अम्मींच्या फोनवर आता जेमतेम दोन पाने अ‍ॅप्स उरली आहेत. त्यांच्या पसंतीचे नोट्सचे अ‍ॅप परत आले आहे आणि त्याचा बॅकअपही होतो. पहाटे फोन उचलला की पडद्यावर फक्त वेळ दिसते. फजरला उठणाऱ्याला तेवढेच हवे असते.