उन्हाळ्यातही हवा पुरेशीच हवी

पनवेलजवळच्या कळंबोलीहून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला लागण्याआधी, टायर थंड असतानाच हवा तपासावी. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा थोडी कमी ठेवावी, हा समज घातक आहे. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतात, त्यातून उष्णता साचते आणि सलग वेगात आतले थर सुटू लागतात. धावताना दाब वाढतो हे खरे. पण चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, ती वाढ त्यात गृहीतच असते. म्हणून तापलेल्या टायरमधली हवा मुळीच सोडू नये. आणि स्टेपनीही तपासावी. ती फार सहज विसरली जाते.